शेजारणीच्या नातवाचा खेळ

४ फेब्रुवारी

मायना काय लिहावा यावर दोन कागद फुकट गेले. लाडाकोडाचा लिहिला तर तू म्हणशील, आता बरी आठवण झाली. कोरडा लिहिला तर म्हणशील, अजून हिचा ताठा जात नाही. म्हणून मायनाच गाळला. पत्र टाईप करणार होते, पण जन्मभर कोर्टात टायपिंग केलेल्या बाईचं टाईप केलेलं पत्र समन्ससारखं दिसतं. हातानंच लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

फोन करत नाही, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. दिवसभर अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये बसून लोकांचा आरडाओरडा ऐकायचा आणि घरी येऊन सासूचा ऐकायचा, हे कुणाला आवडेल? माझी तक्रार नाही.

इकडे ठीक आहे. तुम्ही दोघं बदली घेऊन गेलात त्यानंतर तुमची खोली मी झाडून-पुसून बंद ठेवली आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. जेवण एकटीचंच, त्यामुळे एकदाच करते आणि दोनदा खाते.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. समोरच्या बाईंचा नातू राहायला आलाय. त्याच्याकडे तुझ्यासारखाच जुना व्हिडिओ गेम आहे, ज्यात तो काळ्या कपड्यांतला निंजा तलवार घेऊन डावीकडून उजवीकडे पळत सुटतो तो. पोरगा तिसऱ्या स्टेजला अडकलाय. तिथे विहीर आहे आणि पलीकडे अरुंद कठडा. उडी मारावी तर नेमका समोरून ससाणा येतो, छातीवर धडकतो आणि निंजा मागच्या मागे विहिरीत. थांबावं तर मागून तो चाकू फेकणारा मेला येतो. सगळे जीव तिथेच संपतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मला त्यातलं काय कळतंय म्हणा, पण त्याचं तोंड बघवत नाही.

शिवाय त्याचा डावा अंगठा मंद आहे. उजवा झकास चालतो. टायपिंगमध्ये डाव्या अंगठ्याला कामच नसतं ना, शब्दांमध्ये जागा सोडायची पट्टी उजव्यानंच दाबायची, त्यामुळे तो आळशीच राहतो. म्हणजे तो नातू टायपिंग शिकतोय म्हणे.

तर ससाण्याचं काय करायचं ते दोन ओळीत कळव. त्याच्यासाठी.

२६ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण मुद्द्याच्या. कडेला जाऊन एक पाऊल मागे यायचं, ससाणा दिसला की उडी मारायच्या आधी तलवार चालवायची, आणि तो पडला की न थांबता उडी. मी हे समोर जाऊन सांगितलं आणि त्या पोराचा जीव भांड्यात पडला. पहिल्याच फटक्यात पलीकडे गेला. 'आजी, तुमच्या सूनबाई ग्रेट आहेत,' असं म्हणाला. मी म्हटलं, आहेतच.

आता एक नावडतं. परवा तुझा नवरा कामासाठी इकडे आला होता, तेव्हा घरी डोकावला. तू तुझं ते व्हिडिओ गेमचं मशीन मागितलंस म्हणाला. उशीर झाला गं. ते मी भंगारात दिलं. मंगळवारी सकाळी भंगारवाला आला, सायकलवर होता, पुढच्या चाकात हवा कमी होती. रद्दीबरोबर तेही घेतो म्हणाला. मशीन, रिमोट, ती निंजाची कॅसेट, सगळं त्यानं गोणीत टाकलं. वायर लोंबत होती ती त्यानं गुंडाळून आत कोंबली. तुझी वस्तू होती, तुला विचारायला हवं होतं. पण तू जाताना दोन बॅगा भरून गेलीस, ते टीव्हीखालच्या कपाटात तसंच टाकून गेलीस, तेव्हा मला वाटलं नको असेल. धूळ खात होतं.

एवढं काय त्यात, नवीन मिळत असेल की दुकानात.

तो नातू आता पाचव्या स्टेजला आहे. गच्चीवर तिघं एकदम अंगावर येतात. तिथली काही युक्ती असेल तर कळव. घाई नाही.

१५ मार्च

आधी सांगून टाकते, मग धीर राहणार नाही. मशीन माझ्याकडे आहे. भंगारवाला आलाच नव्हता. समोरचा नातू, गच्चीवरचे तिघं, तो आळशी अंगठा, सगळं मीच.

काल तुझा नवरा पुन्हा आला होता. मी सहज विचारलं, तिला त्या खेळण्याचं एवढं काय पडलंय? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्ची ओढून बसावं लागलं. मग सांगितलं त्यानं. तुझ्या भावाचा उजवा हात कारखान्यात पट्ट्यात सापडला हे, तो इतके महिने दवाखान्यात होता हे, आणि आता तुमच्याकडे भिंतीकडे तोंड करून पडून असतो हे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला सांगावं असं कुणाला वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

लहानपणी तुमच्याकडे एकच रिमोट होता म्हणाला. भांडणं नकोत म्हणून तुमच्या बाबांनी नियम घातला होता, अर्धा-अर्धा धरायचा. भावानं डाव्या हातानं निंजाला पळवायचं, तू उजव्या हातानं उडी आणि तलवार. तुम्ही दोघांनी मांडीला मांडी लावून तो खेळ असाच संपवला होता. आता त्याचा डावा हात तेवढा धड आहे, म्हणून तुला ते सुचलं. फोनवर तो खेळ मिळतो, पण त्याला काचेवर नको, तोच रिमोट हवाय. 'आण, मग बघू' एवढं तो बोलला, आणि कित्येक दिवसांत तेवढंच बोलला.

आणि मी काय केलं? भंगारवाल्याच्या सायकलच्या चाकातली हवा काढली.

कोर्टात हजारो साक्षी टाईप केल्या मी. खोटं बोलणारा नेहमी न विचारलेलं सांगतो, साहेब माझ्या अंगात निळा शर्ट होता, साहेब कुत्रं भुंकत होतं. टाईप करता करता मला हसू यायचं. स्वतःच्या पत्रात तेच लिहिलं आणि पाकीट चिकटवलंसुद्धा.

खोटं का बोलले तेही सांगते, म्हणजे शरमेला काही बाकी राहायला नको. तुझा नवरा मशीन मागत होता तेव्हा ते चालूच होतं. टीव्हीवर मी चादर टाकली होती, आवाज बंद केला होता, आणि चादरीमागे माझा निंजा पाचव्या स्टेजला एका पायावर थांबला होता. या खेळात साठवून ठेवायची सोय नाही, बंद केलं की पहिल्यापासून. म्हणून मी मशीन बंदच करत नाही. तो म्हणाला, आई, टीव्हीला चादर का? मी म्हटलं, डोळे दुखतात. अंगठ्याला पट्टी का? म्हटलं, इस्त्रीचा चटका. तेवढ्यात त्यानं मशीनचं नाव काढलं आणि माझ्या तोंडून भंगार निघून गेलं. याच खेळावरून मी तुला काय काय बोलले होते! तोच खेळ दुपारी पडदे ओढून आपली आई खेळत बसते हे त्याला दिसलं असतं, तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. एवढ्यासाठी.

सुरुवात तुझ्यावरच्या रागानंच झाली. असं काय सोनं लागलंय त्याला, बघू तरी, म्हणून जानेवारीत एका दुपारी लावलं. पहिल्याच खड्ड्यात पडले. मग हट्टाला पेटले. मग कळलं, की तो पळत असतो तेवढा वेळ दुसरं काही मनात येत नाही. खोली बंद आहे, ताट एक आहे, काही काही येत नाही. तू कामावरून आल्यावर तासभर तिकडे तोंड करून का बसायचीस याचा अंदाज मला तेव्हा आला. पण अंदाज आला म्हणून मी तुला पत्रात ते लिहिलं का? नाही. ससाण्याचं विचारलं.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. भंगाराचं ऐकल्यावर तू काय म्हणालीस, असं मी तुझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काही नाही, 'ठीक आहे' म्हणाली. म्हणजे मी तुझी वस्तू न विचारता भंगारात दिली यावर तुझा लगेच विश्वास बसला. न भांडता बसला. माझ्याबद्दल तुझं मत काय आहे हे मला त्या 'ठीक आहे'मधून समजलं, आणि ते मत चुकीचं आहे असं कुठल्या तोंडानं म्हणू?

उद्या कुरिअरनं पाठवते. पत्ता तोच ना?

२८ मार्च

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्या वेळी हसले, नंतर हसू आलं नाही.

समोरच्या बाईंना नातू नाही हे मी विसरलेच कशी! दोन्ही नातीच, त्याही परदेशात. त्या बाईंच्या दारात तू त्यांच्या बाजाराच्या पिशव्या उचलून दिल्या आहेस, तुला माहीत नसणार होय? पहिल्याच पत्रात तुला सगळं कळलं होतं, आणि तरी तू ससाण्याची युक्ती लिहून पाठवलीस. मला वाटत होतं मी तुला फसवतेय. तू मला खेळू देत होतीस.

आणि मशीन मागायला नवऱ्याला मुद्दाम पाठवलंस, म्हणजे मला तोंडानं सांगायची संधी मिळेल, हे वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. तू लिहिलंयस, 'तुम्ही हसून सांगाल असं वाटलं होतं. मग आपण सगळेच हसलो असतो.' किती सोपं होतं गं. आणि तुझं 'ठीक आहे' हे विश्वास बसल्याचं नव्हतं, माझं खोटं नवऱ्यासमोर उघडं पाडायचं नाही म्हणून होतं. मी त्याचाही उलटाच अर्थ लावून बसले. तिकडे तुझा भाऊ वाट बघत भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि इथे मी गच्चीवरच्या तिघांशी लढतेय. इतके दिवस माझ्यामुळे वाया गेले त्याचे. हे मला पुसता येणार नाही.

'कुरिअरनं नको, घेऊन या,' असं लिहिलंयस. खरं सांगू? भीती वाटते. बोलणी खायची तयारी आहे. तू काहीच बोलली नाहीस तर काय करायचं, याची भीती वाटते. तरी येते. शनिवारचं तिकीट काढलंय.

आणखी एक कबूल करते, तू हसशील. 'उद्या पाठवते' लिहिलं आणि रोज उद्यावर ढकललं, कारण मशीन पिशवीत भरायचं म्हणजे आधी बंद करायला हवं. मी शेवटच्या स्टेजला पोचले होते, मोठ्या दारापाशी. तुझं पत्र सकाळी आलं आणि बटण मी संध्याकाळी दाबलं. तिकडे एक माणूस अंथरुणाला खिळलाय हे माहीत असून ही साठीची बाई दिवसभर त्या बटणाभोवती घोटाळत होती. कुणाला सांगू नकोस. टीव्ही काळा झाला तेव्हा मला रडू आलं, तेही सांगू नकोस.

९ एप्रिल

तुझ्या घरात बसून तुलाच पत्र लिहितेय, वेडेपणाच आहे. तू ड्यूटीवर गेली आहेस, तुझा नवरा कामावर, आणि तुझा भाऊ आंघोळीला. पण काल रात्री मी तुझ्याशी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, आणि तोंडानं बोलायला गेले की माझं गाडं कुठे जातं हे तुला माहीत आहे. हे तुझ्या उशीखाली ठेवते.

आधी भावाचं. पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. तू कामावर गेलीस की मी मशीन लावायची, आणि रिमोट मध्ये ठेवून नुसती बसायची. तिसऱ्या दिवशी तो उठून शेजारी बसला आणि डावी बाजू धरली. मी उजवी धरली. माझा आळशी अंगठा सुटला आणि त्याचा गेलेला हात सुटला, असे आम्ही दोघं मिळून एक धड माणूस झालो. पहिल्याच खड्ड्यात पडलो म्हणा. तो म्हणाला, मावशी, मी पळायच्या आधी तुम्ही उडी मारता. मी म्हटलं, आयुष्यभर तेच केलंय. तेव्हा तो हसला. तू नव्हतीस, म्हणून सांगतेय.

त्यानंच मला विचारलं, ताईला तुम्ही काय बोलला होतात? तू त्याला सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. माझे पाहुणे आले होते, तू कामावरून आलीस, कुणाशी न बोलता टीव्हीपुढे बसलीस, मी सगळ्यांसमोर भिंतीवरचा प्लग ओढला आणि म्हटलं, 'तिकडे लोक जळतायत आणि आमच्या सूनबाई खेळतायत.' त्यानं रिमोटची त्याची बाजू सोडली आणि उठून आत गेला. तासाभरानं परत आला आणि बसला. एवढीच शिक्षा दिली.

आता कालचं. तू आलीस तेव्हा आम्ही तिसऱ्या स्टेजला होतो. तुझा चेहरा बघून मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, उशीर का झाला, जेवलीस का, पाणी देऊ का. तुझ्या भावानं नुसती मान हलवली आणि मी गप्प बसले. त्यानं अख्खा रिमोट तुझ्या हातात दिला. तू युनिफॉर्मवरच जमिनीवर बसलीस आणि दोन्ही हातांनी खेळायला लागलीस.

आपल्या घरी तू खेळायचीस तेव्हा मी मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. चार वर्षं मी तुझी पाठ बघितली, आणि पाठीवरून ठरवलं की ही उर्मट आहे. काल मी बाजूला बसले होते. निंजा पळत होता, ससाणा पडला, विहीर गेली, आणि तुझ्या गालांवरून पाणी चाललं होतं. हात थांबले नाहीत, श्वाससुद्धा नेहमीसारखा. तुझा भाऊ सवयीचं असल्यासारखा टीव्हीकडे बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तू रोजच रडायचीस. चार वर्षं, माझ्या घरात, माझ्याकडे पाठ करून. आणि मी मागून आवाज द्यायची, आवाज कमी कर गं.

इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. भंगाराच्या खोट्याची लाज तिच्यापुढे काहीच नाही.

मग तू आपणहून बोललीस. टीव्हीवरची नजर न काढता. तुमचे पाहुणे आले होते त्या दिवशीची गोष्ट, म्हणालीस. एका म्हातारीचा फोन होता. घरात एकटी, दाराशीच आग, कडी तापलेली. तिला पत्ता नीट सांगता येत नव्हता. बंब निघाला होता, आणि तो पोचेपर्यंत तिला एकटं वाटू नये म्हणून तू बोलत राहिलीस. ती तुला तिच्या सुनेच्या नावानं हाक मारत होती. तिला वाटत होतं सूनच बोलतेय. तू 'हो आई, आलेच मी, आलेच' म्हणत राहिलीस. मग तिकडून आवाज यायचा थांबला, तरी तू म्हणत राहिलीस. ड्यूटी संपल्यावर तू घरी आलीस, आणि घरी मी होते.

मला उठून तुझे पाय धरावेसे वाटले. सासूनं सुनेचे धरायचे नसतात, पण मी खरंच उठले. कितीतरी शब्द तोंडाशी आले होते. तू हातानंच 'बसा' म्हणालीस आणि पुढचं सांगायला लागलीस. तुझं सांगून संपलेलं नव्हतं.

मी बसले.